मुस्तफा खेळायला केवढं मशीन लागतं?

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो. खाली यंत्रमागाचं शेड, वर घर. शाळेत असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मुस्तफा आणि केओएफ ९७ वर खाऊचे पैसे उडवले, आता तसंच उभं मशीन दोन्ही मुलांसाठी घरी करायचं आहे. मेहुणा सुतारकाम करतो, त्यामुळे मजुरी वाचेल. बजेट सोळा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. जागा म्हणजे हॉलमधला दोन फुटी कोपरा. दुकानदार म्हणतो, रास्पबेरी पाय ५ चा पूर्ण किट घ्या. मित्र म्हणतो, तीन हजार गेमची तयार पेटी मिळते, ती लावा आणि मोकळे व्हा. घरात २१ इंची डबा टीव्ही पडून आहे, तो चालेल का? मुस्तफा, केओएफ, कॉन्ट्रा आणि टेक्केन ३ चालले की बास. आणि जमलंच तर गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल टाकून दहा-दहा रुपयांना खेळवता येईल का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ चार खेळांच्या यादीची आहे. मशीन यादीवरून ठरवायचं असतं. दुकानातल्या शोकेसवरून ठरवायला गेलात, तर सोळा हजार नुसत्या बोर्डात आणि त्याच्या लवाजम्यात जिरतील.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कुठल्याही यादीत तो याच नावाखाली सापडेल. त्याच्या मूळ बोर्डात आणि केओएफ ९७ (‘किंग ऑफ फायटर्स’) च्या निओ जिओ बोर्डात मुख्य प्रोसेसर एकच, मोटोरोला ६८०००, वेग १२ मेगाहर्ट्झच्या घरात. कॉन्ट्रा १९८७ चा, म्हणजे त्याहून हलका. राहिला टेक्केन ३. त्याची पार्लरमधली आवृत्ती सोडा, प्लेस्टेशन १ ची चालवा. तो कन्सोलही साधारण ३४ मेगाहर्ट्झचा. जुन्या यंत्राची नक्कल करायला त्याच्या कितीतरी पट ताकद लागते हे खरं, पण दहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या टेबलावर असलेला कॉम्प्युटरही हे चारही खेळ आरामात ओढतो. त्यामुळे पैसा वाचवायचा तो प्रोसेसरवर, आणि घालायचा तो जॉयस्टिक, बटणं आणि वीजपुरवठ्यावर. घरगुती मशीन बंद पडून कोपऱ्यात धूळ खातं, ते बहुतेक वेळा या तिघांपायीच.

पाय ५, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, वाईट नाही, तुमच्या कामाला महाग आहे. नुसत्या बोर्डाची किंमत ऐकून फसू नका. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा खास अडॅप्टर लागतो, डोक्यावर पंख्याचा कूलर लागतो, मेमरी कार्ड लागतं, मायक्रो एचडीएमआयची वेगळी केबल लागते. जुना मॉनिटर लावायचा तर व्हीजीए कन्व्हर्टर आला. शिवाय पाय ५ ला हेडफोनची पिन नाही, म्हणजे आवाजासाठी आणखी एक तुकडा. सगळं जोडून बेरीज करा आणि तेवढ्यात रिफर्बिश्ड मिनी पीसी अडॅप्टरसकट येतो का ते विचारा. पाय झीरो २ डब्ल्यूचं गणितही असंच आहे. बोर्ड स्वस्त, मुस्तफा आणि केओएफला पुरेसा, पण त्याला मिनी एचडीएमआय, यूएसबीसाठी ओटीजी हब आणि आवाजाची सोय वेगळी. एका खेळाडूची, टेबलावर ठेवायची छोटी पेटी करायची असती, तर तोच घ्या म्हटलं असतं.

तीन हजार गेमच्या पेटीचं थोडक्यात सांगतो. त्या आकड्यात एकच खेळ चार-पाच नावांनी मोजलेला असतो, आतलं सॉफ्टवेअर बंदिस्त असतं, एखादा खेळ अडखळला तर सेटिंग बदलता येत नाही आणि कार्ड गेलं की पेटी गेली. त्यातले खेळ परवान्याविना भरलेले असतात हे वेगळंच. सोडून द्या.

डबा टीव्हीचा मोह समजतो, त्या काचेवर हे खेळ खरोखर छान दिसतात. पण २१ इंची टीव्ही जवळपास अर्धा मीटर खोल, वजन वीस किलोच्या पुढे. दोन फुटी कोपऱ्यात कॅबिनेटचं पोट भिंतीपासून पुढे येईल. दुसरं, असा टीव्ही १५ किलोहर्ट्झचा सिग्नल घेतो आणि कॉम्प्युटरच्या व्हीजीएतून किमान ३१ किलोहर्ट्झचा निघतो, त्यामुळे सरळ जोडणी होत नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : कॅबिनेटमध्ये बसवायला प्लॅस्टिकचं कव्हर काढावं लागतं, आणि पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकून राहतो. घरात मुलं आहेत. टीव्हीला हात लावू नका.

आता घ्यायचं काय ते. तुमच्या घराला एक अट बाकीच्यांपेक्षा जास्त आहे : खाली माग चालतात, हवेत रुई उडते. म्हणून पहिली पसंती पंखा नसलेल्या थिन क्लायंटला, म्हणजे ऑफिसात सर्व्हरला जोडून वापरतात त्या छोट्या कॉम्प्युटरला. बँका आणि कॉल सेंटरमधून निवृत्त झालेला डेल वाइझ ५०७० बाजारात फिरतो. त्यात सेलेरॉन जे४१०५ किंवा पेंटियम जे५००५ असतो, दोन्हीही तुमच्या यादीला पुरून उरतात. आकार साधारण १८ सेंटिमीटर चौरस, जाडी साडेतीन. आत पंखाच नाही, त्यामुळे रुई ओढून घ्यायला काही नाही. अडॅप्टरसकट पाच हजारांच्या वर देऊ नका. हा मिळाला नाही, तर त्याच आकाराचे ऑफिसचे मिनी पीसी : लेनोवो एम९३पी टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० किंवा ३०४० मायक्रो, एचपी ८०० मिनी. प्रोसेसरच्या नावापुढे ‘टी’ असलेला आय३ किंवा आय५ बघा, तो ३५ वॉटचा असतो. चौथ्या पिढीचा चालतो. रॅम ४ जीबी पुरते. ८ जीबीसाठी जादा पैसे मागितले तर नको म्हणा. मर्यादा साडेसहा हजार. यांना पंखा असतो, म्हणून खाली सांगितलेली जाळी यांच्यासाठी सक्तीची.

सोलापुरात रिफर्बिश्ड कॉम्प्युटरवाल्यांकडे आधी विचारा. नाहीच मिळालं तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्याला जाऊन तापकीर गल्ली आणि बुधवार पेठ पालथी घाला, रात्री परत. बटणं, स्पीकर, वायर त्याच फेरीत होतील. ऑनलाइन घेतलंत तर परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा, कारण अशा वस्तूंचे दोष पहिल्या आठवड्यातच कळतात.

दुकानात जाताना खिशात १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर घरूनच बॅटोसेरा टाकून न्या. ही फुकट मिळणारी, फक्त खेळांसाठी बनवलेली प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवरूनच चालू होते, आतल्या डिस्कला हात लावत नाही. डेल आणि लेनोवोला सुरू होताना एफ१२, एचपीला एफ९ दाबलं की कुठून सुरू व्हायचं ते विचारतं. चालू झालं, चित्र आलं, हेडफोन लावून आवाज आला, सगळ्या यूएसबी पोर्टमध्ये माउस हलला, तर मशीन निम्मं पास. उरलेलं निम्मं बायोसचं, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सेटिंगचं. कंपन्यांतून आलेल्या मशीनला बायोसचा पासवर्ड लावलेला असतो आणि तो विक्रेत्यालाही ठाऊक नसतो. बायोसमध्ये शिरता आलं नाही तर सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करता येणार नाही आणि पेनड्राइव्हवरून सुरूही होणार नाही. वाइझचा कारखान्यातला पासवर्ड ‘फायरपोर्ट’ आहे, इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं. तो घालून बघा. नाही उघडलं तर ते मशीन तिथेच ठेवा.

अडॅप्टर त्याच कंपनीचा, मशीनसोबतचाच घ्या. डेलच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक तार असते, तिच्यावरून मशीन अडॅप्टर ओळखतं. न ओळखलेला अडॅप्टर लावला की सुरू होताना इशारा येतो आणि बऱ्याचदा प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. मग केओएफ रखडतो आणि आपण दोष खेळाला देतो. वाइझमध्ये डिस्क वाढवायची झाली तर एम.२ साटा प्रकारचीच एसएसडी चालते. तशाच दिसणाऱ्या एनव्हीएमई कार्डाला ते ओळखत नाही आणि दुकानदार हमखास तेच हातात ठेवतो.

मॉनिटर १९ इंची चौकोनी घ्या, १२८० बाय १०२४ चा. हल्ली तो कुणाला नको असतो, म्हणून स्वस्त मिळतो. अठराशेच्या वर जाऊ नका. कॉन्ट्राची पार्लरमधली आवृत्ती उभ्या स्क्रीनची, बाकीचे खेळ ४:३ आकाराचे. या मॉनिटरवर चित्र १२८० बाय ९६० चं बसतं, वर आणि खाली ३२-३२ पिक्सेलची काळी पट्टी राहते, डोळ्याला जाणवतही नाही. रुंद मॉनिटरवर हेच चित्र मधोमध आक्रसून बसतं आणि कॅबिनेटही उगाच रुंद करावं लागतं. दुकानात तीन गोष्टी तपासा. एक, मॉनिटर चालू असताना मागची विजेची वायर काढून पुन्हा लावा. आपोआप उजळला तर घ्या. बटण दाबावं लागत असेल तर कॅबिनेटमध्ये बंद झाल्यावर रोज फट शोधून बोट घालावं लागेल. दोन, खाली बसून वर बघा. या जुन्या पॅनेलचं चित्र खालून काळवंडतं आणि तुमची मुलं खालूनच बघणार आहेत. थोडा काळवंडला तर चालेल, पण मग बसवताना मॉनिटरचा कल मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत ठरवा, तुमच्या नव्हे. तीन, मागे चार स्क्रूंची भोकं आहेत ना, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर. त्यात एम४ चे स्क्रू बसतात. १२ मिलिमीटरच्या प्लायला २० मिलिमीटर लांबीचे लावा. त्याहून लांब स्क्रू आतलं पॅनेल फोडतो. मॉनिटरचं कव्हर काढून ‘उघडा’ बसवण्याच्या भानगडीत पडू नका, त्याच्या पॉवर बोर्डावर २३० व्होल्ट असतात. जोडणीचं म्हणाल तर एम९३पी आणि ३०२० ला व्हीजीए आहे. वाइझला बहुधा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, त्याला चिप असलेला डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो.

आता बटणं. इथे घाई करू नका.

तुमच्या यादीत मुस्तफा आणि कॉन्ट्राला दोन-दोन बटणं लागतात, केओएफ आणि टेक्केनला चार-चार. म्हणजे प्रत्येकी चारच पुरे. सहा लागतात ती स्ट्रीट फायटर २ ला. तो हवासा वाटत असेल तर आत्ताच सांगा मेहुण्यांना, नंतर भोक पाडणं फार कटकटीचं. स्टार्ट आणि कॉइन प्रत्येकी एक. आणखी एक छोटं बटण पॅनेलच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही असं. ते खेळातून बाहेर पडण्यासाठी. ते वर ठेवलं तर हरणारा भाऊ जिंकणाऱ्याचा खेळ नेमका शेवटच्या राउंडला बंद करतो.

दोन खेळाडूंचा किट मिळतो : दोन जॉयस्टिक, ३० मिलिमीटरची मोठी बटणं, २४ ची छोटी, वायर आणि बटणांचे इशारे यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारे दोन ‘झीरो डिले’ एन्कोडर बोर्ड. साडेतीन हजारांपर्यंत द्या. नावात झीरो असलं म्हणून विलंब अगदी शून्य नसतो, पण घरगुती खेळाला पुरेसा कमी असतो. बोर्डावर ऑटो, टर्बो, मोड अशा पिना असतात, त्यांना काही जोडू नका. मोडचं बटण चुकून दाबलं गेलं की जॉयस्टिकचं काम बदलतं आणि ‘कालपर्यंत चालत होतं’ अशी तक्रार सुरू होते. दुसरी खोड जास्त त्रासाची. दोन्ही बोर्ड हुबेहूब सारखे असल्यानं कॉम्प्युटरला ते जुळे वाटतात आणि कधीतरी सुरू होताना पहिला खेळाडू दुसरा होतो. दोन्ही बोर्ड कायम त्याच दोन पोर्टमध्ये ठेवा, पोर्टवर मार्करनं एक आणि दोन लिहा, मधे हब घालू नका. तरीही अदलाबदल झालीच तर बॅटोसेराच्या कंट्रोलर मेनूत कोण पहिला ते पुन्हा नेमता येतं. किट घेण्याआधी दोन खेळाडूंचा एकच बोर्ड मिळतो का तेही विचारा.

कुणीतरी सांगेल, जुना कीबोर्ड फोडून त्याच्या पट्टीवर वायरी डकवा, फुकटात काम होतं. करू नका. कीबोर्डाच्या जाळीत तीन-चार कळा एकदम दाबल्या की काही कळा पोहोचत नाहीत, काही न दाबलेल्या उमटतात. दोघं भाऊ एकाच वेळी बटणं बडवणार, तिथे हे टिकत नाही. सोल्डरिंग येत असेल तर मात्र रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड चांगला पर्याय आहे, खेळाडूमागे एक. त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर टाकायचं. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबीला जोडलं की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल ओढून टाकली की झालं. प्रत्येक बटणाची एक वायर पिकोच्या पिनेला, दुसरी ग्राउंडला. रेझिस्टर लागत नाही.

बटणांचा प्रकार पॅनेलच्या जाडीवरून ठरतो आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. जपानी धर्तीची, खटकन बसणारी बटणं तीन-चार मिलिमीटरच्या पत्र्यासाठी असतात. १२ च्या प्लायमध्ये त्यांचे कानच पलीकडे पोहोचत नाहीत. जॉयस्टिकचंही तेच. ती जाड प्लायच्या खालून लावली की वर दांडा एवढासा राहतो आणि केओएफमधले पाव गोलाचे डाव निघत नाहीत. सरळ उपाय : वर ५ मिलिमीटरचं अॅक्रिलिक, खाली १२ मिलिमीटरची प्लाय. अॅक्रिलिकला बटणांच्या नेमक्या मापाची भोकं आणि प्लायला त्याच जागी मोठी खिडकी, म्हणजे बटण आणि जॉयस्टिक फक्त अॅक्रिलिक पकडतात. एवढ्या जाडीला मात्र चकतीनं आवळायची, आट्यांची बटणं घ्या. दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापणाऱ्यांकडे लेझर असतो, त्यांच्याकडून अॅक्रिलिक कापून घ्या. भोकं गुळगुळीत आणि मापात येतात, हातानं ड्रिल केलेलं अॅक्रिलिक कडेला तडकतं.

भोकं घरीच पाडायची ठरली तर मेहुण्यांना एक निक्षून सांगा. प्रत्येक सुताराकडे ३५ मिलिमीटरचं बिट असतं, कपाटाच्या ऑटो बिजागरीच्या वाटीसाठी. ३० चं हाताशी नसलं की तेच चालवायचा मोह होतो. ३० च्या बटणाची कड जेमतेम ३३ मिलिमीटरची असते, म्हणजे ३५ च्या भोकातून बटण आरपार खाली जातं आणि अख्खं पॅनेल वाया. तसंच दोन बटणांच्या केंद्रांत ३६ मिलिमीटर अंतर ठेवा. ३३ वर आलात की कडा एकमेकींना घासतात.

पॅनेलची रुंदी ६० सेंटिमीटर धरा, तुमच्या कोपऱ्यात बसते. दोन मुलं शेजारी उभी राहायला ही किमान रुंदी. कॅबिनेटची आतली रुंदी मात्र ४५ पुरे, कारण मॉनिटर त्याहून अरुंद आहे; पॅनेल दोन्हीकडे थोडं बाहेर आलं तरी हरकत नाही. पॅनेलची उंची जमिनीपासून ८५ ते ९०. साधी कमर्शियल प्लाय चालते. एमडीएफ घेऊ नका. फरशी पुसताना पाणी लागलं की खालून फुगतो. तळाला एक इंचाचे रबरी पाय लावाच.

आता तुमच्या घराचा खास प्रश्न, रुई आणि ऊन. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२ अंश आणि बंद पेटीच्या आत त्याहून आठ-दहा अंश जास्त, असं सहज होतं. अशा पेटीत रास्पबेरी पाय ४ हा बोर्ड ८० अंशांना टेकतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. तुमचा थिन क्लायंट टिकेल, पण मॉनिटरच्या पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर उष्णतेनंच मरतात. म्हणून १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा एक पंखा घ्या आणि ५ किंवा ७ व्होल्टवर चालवा, आवाज येत नाही. आता दिशा. सगळे पंखा वर लावतात आणि गरम हवा बाहेर फेकतात. तुमच्याकडे तसं केलंत, तर ती हवा भरून काढायला पेटी प्रत्येक फटीतून रुई आत ओढेल, जॉयस्टिकच्या दांड्याभोवतून, बटणांच्या कडेनं, मॉनिटरच्या बाजूनं. बटणाच्या आतल्या मायक्रोस्विचमध्ये धागा गेला की बटण कधी लागतं कधी नाही. त्यापेक्षा पंखा खाली, मागच्या बाजूला, हवा आत ढकलणारा लावा. त्याच्या बाहेरून डासांच्या जाळीचे दोन पदर, काढता येतील असे, वेल्क्रोवर. वरच्या मागच्या कडेला दोन सेंटिमीटरची लांब खाच. आत दाब राहिला की फटींतून हवा बाहेर येते, रुई आत जात नाही. जाळी दर पंधरवड्याला धुवा. माग दोन पाळ्यांत चालत असतील तर दर आठवड्याला, कारण जाळी तुंबली की पंखा असून नसल्यासारखा. मिनी पीसी जुना असेल तर बसवण्याआधी हीटसिंक ब्लोअरनं साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला, साठ-सत्तर रुपयांचं काम.

माग सुरू होताना दिवे मंद होत असतील, तर ते मशीनलाही जाणवणार. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचे असतात, मंद दाबाला ते दाद देत नाहीत. त्रास होतो तो क्षणभर वीज जाऊन येण्याचा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडवर तो जागा होईपर्यंत मशीन बंद पडलेलं असतं. थिन क्लायंट, मॉनिटर, पंखा मिळून शंभर वॉटच्या आतच खेळ आहे. कॅबिनेटमध्ये वीज एकाच जागी आणा : मागे कॉम्प्युटरला असतो तसा तीन पिनांचा फ्यूजवाला सॉकेट, त्यातून आत एक स्पाइक गार्ड, आणि अर्थिंगची वायर खरी जोडलेली. मेन खटका मागे ठेवा. बंद करताना आधी कॉम्प्युटरचं बटण एकदा हलकं दाबायचं, स्क्रीन काळी झाली की मग मेन. मुलं थेट मेनच पाडतात आणि एक दिवस डिस्कवरची फाइल अर्धवट लिहून राहते. म्हणून कॉम्प्युटर अशा जागी बसवा की त्याचं स्वतःचं बटण कॅबिनेटच्या बाजूच्या भोकातून बोटाला लागेल.

आवाजाला पीएएम८४०३ चा छोटा अॅम्प्लिफायर आणि चार इंची दोन स्पीकर. या बोर्डावर दोन्ही स्पीकरच्या निगेटिव्ह वायर एकत्र बांधू नका, चिप जाते. कॉम्प्युटरच्या यूएसबीवरून त्याला वीज दिली तर चीं असा आवाज येतो. वेगळा मोबाइल चार्जर लावला की बहुधा थांबतो.

सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट लोकांना अडवते. केओएफच्या फाइलशेजारी निओ जिओची बायोस फाइल लागते (कॉम्प्युटरच्या बायोसशी हिचा संबंध नाही), दोन्ही झिप न उलगडता तशाच ठेवायच्या. आणि फाइलींचा संच त्या एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आवृत्तीशी जुळणारा हवा; फायनलबर्न निओ या एम्युलेटरला चालणारी फाइल मेम (MAME) या दुसऱ्या एम्युलेटरच्या जुन्या आवृत्तीला चालेलच असं नाही. मशीन ‘खराब’ असल्याच्या निम्म्या तक्रारी इथे संपतात. या फाइली आणायच्या कुठून, हे तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. एम्युलेटर कायदेशीर आहे, जालावर पसरलेले खेळ बहुतेक नाहीत. केओएफ ९७ स्टीमवर विकत मिळतो, त्यासाठी याच मशीनवर विंडोज ठेवता येतं. मुस्तफा हा कॉमिकच्या परवान्यावर काढलेला खेळ आणि कॅपकॉमच्या हल्लीच्या आर्केड संग्रहांत तो नाही. मेमच्या संकेतस्थळावर काही जुने खेळ बिनव्यापारी वापरासाठी मोफत ठेवलेले आहेत, मशीन तपासायला ते उत्तम.

यावरून गड्ड्याचं उत्तर तुम्हाला कळलं असेल. घरात खेळणं एक आणि जत्रेच्या होम मैदानावर दहा रुपये घेऊन दुसऱ्याचा खेळ चालवणं दुसरं. तिथे हक्कधारकाचा व्यावसायिक परवाना लागतो, स्टॉलची परवानगी वेगळी. शिवाय यात्रेतली धूळ आणि दिवसभर बडवणारे हात या किटच्या जॉयस्टिकला झेपायचे नाहीत. तो विचार सोडा.

हिशेब असा बसतो : थिन क्लायंट ५,०००, मॉनिटर १,८००, किट ३,५००, प्लाय आणि अॅक्रिलिक २,८००, आवाज ६००, सॉकेट, स्पाइक गार्ड, पंखा, जाळी मिळून ९००, कन्व्हर्टर ५००. झाले १५,१००. उरलेल्या नऊशेतून एक जादा जॉयस्टिक घेऊन ठेवा, पहिली तीच जाते. थिन क्लायंटऐवजी व्हीजीएवाला मिनी पीसी घेतलात तर कन्व्हर्टरचे पाचशे वाचतात, पण मशीनचे दीड हजार वाढतात. मग जादा जॉयस्टिक पुढच्या महिन्यावर आणि प्लायच्या कापाकापीत शंभर रुपयांची काटकसर.

प्लाय सगळ्यात शेवटी आणा. आधी कॉम्प्युटर, मॉनिटर आणि किट आणून बटणं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा, वायरी जोडा आणि आठ दिवस टेबलावर खेळा. आपोआप न उजळणारा मॉनिटर, पासवर्डवालं बायोस, जुळे बोर्ड, अडकणारं बटण, सगळं या आठवड्यात बाहेर येतं आणि दुकानदाराकडे परत नेता येतं. खोक्यावर मुलांचे हात नेमके कुठे पडतात ते पेननं आखून घ्या आणि तोच पुठ्ठा मेहुण्यांना माप म्हणून द्या.